चिमाजीअप्पाचें दत्तविधान व थोरल्या भावाचा हक्क (इ. स. १७९६)

इ. स. १७९६ च्या मे महिन्याच्या अखेरीस रघुनाथरावाचा धाकटा मुलगा चिमाजीअप्पा यास कै. सवाई माधवरावाची विधवा यशोदाबाई हिच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवाईच्या गादीवर बसविण्यांत आलें, ही गोष्ट इतिहासभक्तांस विदित आहेच. ग्रँट डफपासून वासुदेवशास्त्री खरे व रियासतकार सरदेसाई यांच्यापर्यंत बहुतेकांनीं ती सांगितली आहे. परंतु नाना फडणीस, परशुरामभाऊ व बाळोबा तात्या यांच्या चढाओढींतील एक डाव, यापलीकडे तिचा विचार सहसा होत नाहीं. आम्हांस तिच्याकडे जरा निराळ्या बाजूनें पहावयाचें आहे. राजकारणाचा धुरळा बाजूस सारला म्हणजे मागें उरतो तो एक बारा वर्षांचा पोरका मुलगा आणि त्याचा एकवीस वर्षांचा थोरला सख्खा भाऊ. आईबाप दोघेही वारलेले. अशा मुलाचा ताबा कोणाकडे असावा, भाऊबंदांनीं व कारभाऱ्यांनीं त्यास ठेवून घेतलें तर थोरल्या भावास तो मागतां येतो काय, आणि थोरल्या भावाचा हा हक्क कोठपर्यंत पोहोंचतो, हा प्रश्न तत्कालीन धर्मशास्त्राचा आहे. तो त्या शास्त्रानेंच सोडविला पाहिजे.

प्रथम घराण्याची स्थिति थोडक्यांत सांगतों. सालबाईच्या तहानंतर (१७८२) रघुनाथराव कोपरगांवीं येऊन राहिला व तेथेंच १७८३ च्या डिसेंबरांत वारला. त्या वेळीं त्याचा औरस पुत्र बाजीराव नऊ वर्षांचाही पुरता झाला नव्हता; तो १७७५ च्या जानेवारींत धार येथें जन्मला होता. दुसरा पुत्र पित्याच्या मृत्यूनंतर, १७८४ त, जन्मास आला. थोरल्यास आजाचें नांव होतें, धाकट्यास आजाच्या भावाचें मिळालें. म्हणजे थोरला बाजीराव व वसई घेणारा चिमाजीअप्पा ही जोडी नांवानें तरी पुन्हां घरांत आली. बाजीरावाच्या जन्मापूर्वींच रघुनाथरावानें भुसकुट्यांच्या घराण्यांतील अमृतराव यास दत्तक घेतलें होतें. म्हणून वयानें तिघांत तो वडील. १७९४ त आनंदीबाई वारली आणि त्याच वर्षीं नानानें तिघांही भावांस शिवनेरी किल्ल्यावर नेऊन ठेविलें. धाकटा त्या वेळीं दहा वर्षांचा होता. एवढ्या वयाच्या मुलास राजकीय कैदी म्हणणें हास्यास्पद आहे. परंतु किल्ल्याच्या दरवाजावरील पहारा वयें विचारीत नाहीं.

१७९५ च्या ऑक्टोबरांत सवाई माधवराव शनिवारवाड्यांत पडून निपुत्रिक वारला आणि ज्या मुलांस नानानें आडोशास ठेविलें होतें तींच एकाएकीं वारसदार ठरलीं. यशोदाबाईच्या मांडीवर परका मुलगा द्यावा, हा नानाचा पहिला बेत फिसकटला. शिंद्यांचा कारभारी बाळोबा तात्या पागनीस बाजीरावास उचलून धरील, या भयानें नानानेंच घाईनें परशुरामभाऊ पटवर्धनास शिवनेरीस पाठवून बाजीरावास आणविलें. त्या वेळीं बाजीरावानें भाऊस गाईचें पुच्छ हातीं धरावयास लावून व गोदावरीची शपथ घ्यावयास लावून दगा होणार नाहीं अशी हमी घेतली, असें ग्रँट डफ लिहितो. बाजीराव व चिमाजी खालीं उतरले. अमृतराव मागें किल्ल्यावरच राहिला. ही शपथ वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण ज्या हातांत गाईचें पुच्छ होतें त्याच हातांनीं पुढें थोड्याच महिन्यांत धाकट्या भावास थोरल्यापासून वेगळें केलें.

पुढील हकीकत पुष्कळ गुंतागुंतीची आहे. आमच्या प्रश्नास लागेल तेवढीच येथें घेतों. दौलतराव शिंदे फौजेसह पुण्यास आला, नाना घाबरून साताऱ्याकडे निघून गेला. तेव्हां बाळोबानें परशुरामभाऊस असा सल्ला दिला कीं, बाजीरावास दूर सारून चिमाजीस यशोदाबाईच्या मांडीवर द्यावें व भाऊंनीं कारभार करावा. नानाचा कौल विचारण्यांत आला, तो अनुकूल आला. फक्त बाजीरावास आधीं हातीं घ्या, एवढी त्याची सूचना होती. त्याप्रमाणें बाजीराव शिंद्यांच्या छावणींत असतांच त्यास तेथें अडकविण्यांत आलें व इकडे पुण्यांत चिमाजी परशुरामभाऊच्या हातीं पडला. भावाचा हक्क बुडवून गादी घेण्यास त्या मुलानें साफ नकार दिला आणि मग त्याजवर सक्ति करण्यांत आली, असें ग्रँट डफ स्पष्ट म्हणतो. डफचीं सर्वच मतें आम्हांस मान्य नाहींत. पण येथें खोटें लिहिण्यास त्यास कांहीं कारण दिसत नाहीं. दत्तविधान मे १७९६ च्या अखेरीस उरकलें. मुलाचा होकार कोणी मागितला नाहीं, थोरला भाऊ छावणींतल्या डेऱ्यांत अटकेंत, आईबाप स्वर्गवासी, अशा स्थितींत होमाचा अग्नि पेटला.

येथें एक शंका येते. चिमाजीसच गादीवर बसवावयाचें तर दत्तकाची एवढी खटपट कशासाठीं? रघुनाथरावाचा पुत्र या नात्यानेंच त्यास वस्त्रें कां दिलीं नाहींत? आमच्या मतें सर्व प्रकरणाचें मर्म येथेंच आहे. रघुनाथरावाचा पुत्र म्हणून चिमाजी बसला असता तर थोरला भाऊ बाजीराव त्याच्या आधीं उभा होता आणि धाकट्या भावाचा पालक म्हणून बोलण्याचा अधिकारही त्याचाच होता. दत्तकानें हीं दोन्ही संकटें एका दमांत टळत होतीं. दत्तक गेलेल्या पुत्रास जनक पित्याचें गोत्र व रिक्थ मिळत नाहीं, असें मनूनें सांगितलें आहे. गोत्र येथें एकच असल्यानें त्याचा प्रश्न नव्हता. परंतु घर बदललें म्हणजे भाऊपण व्यवहारांत संपलें. नात्यांची उलथापालथ कशी झाली पहा. सवाई माधवराव हा बाजीराव-चिमाजींचा चुलत पुतण्या. त्यामुळें यशोदाबाई चिमाजीची पुतणसून. ती आतां त्याची माता झाली. आणि बाजीराव, ज्यानें कालपर्यंत या मुलास शिवनेरीवर सोबत केली, तो शास्त्राप्रमाणें त्याचा चुलत आजा ठरला! नव्या नात्यानें मुलाचा ताबा मातेकडे गेला. माता स्वतः अजाण पोर होती, म्हणून तो तिच्या नांवानें कारभाऱ्यांकडे आला. एका अल्पवयी विधवेच्या पदराआड एका अल्पवयी मुलास उभें करून दोघांच्या वतीनें तिसऱ्यानेंच सही करावयाची, अशी ही योजना होती.

आतां शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. थोरल्या भावानें धाकट्या भावांचें पालन पित्यानें पुत्रांचें करावें तसें करावें, हें मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत स्पष्ट सांगितलें आहे. आणि बालकाचें धन तो जाणता होईपर्यंत राजानें राखावें असें आठव्या अध्यायांत आहे. म्हणजे पोरक्या मुलाच्या शरीराचा व शिक्षणाचा भार भावावर आणि त्याच्या मालमत्तेवर अंतीं नजर राजाची, अशी आमच्या धर्मशास्त्राची सामान्य व्यवस्था होती. या व्यवस्थेनें पाहतां चिमाजीचा ताबा मागण्याचा बाजीरावाचा हक्क निर्विवाद होता. अमृतराव वडील खरा, पण दत्तकानंतर औरस जन्मला म्हणजे औरसाचें स्थान वरचें. आणि अमृतराव तर किल्ल्यावरच होता.

परंतु थोरल्या भावाचा हा हक्क पालनाचा आहे, दानाचा नाहीं. हा भेद फार महत्त्वाचा असून १७९६ च्या प्रकरणाची चर्चा करणाऱ्यांनीं तो बहुधा सोडून दिला आहे. पुत्राचें दान करण्याचा अधिकार माता व पिता यांसच आहे, कारण तो त्यांच्यापासूनच उत्पन्न झालेला असतो, असें वसिष्ठधर्मसूत्राचें वचन सर्व निबंधकारांनीं आधारास घेतलें आहे. मनूनेंही दत्त पुत्राची व्याख्या करितांना मातेनें किंवा पित्यानें उदकपूर्वक दिलेला, असेंच म्हटलें आहे. भावाचें नांव कोठेंही नाहीं. तेव्हां चिमाजीच्या दत्तविधानांत मुलाच्या बाजूनें उदक सोडण्यास कोणीही उभा राहिला असो, तो अधिकारी नव्हता. परशुरामभाऊ नव्हे, बाळोबा नव्हे, आणि स्वतः बाजीराव राजीखुषीनें येऊन बसला असता तरी तोही नव्हे. ज्यास घेण्याचा अधिकार आहे पण देण्याचा नाहीं, असा हा चमत्कारिक पालक आहे. भाऊ धाकट्यास आपल्या घरीं मागूं शकतो; दुसऱ्याच्या घरीं कायमचा देऊं शकत नाहीं.

मग आईबाप नसलेला मुलगा दुसऱ्याचा पुत्र होऊंच शकत नाहीं काय? जुन्या शास्त्रांत त्यास एक वाट होती. बारा प्रकारच्या पुत्रांत स्वयंदत्त म्हणून एक सांगितला आहे. मातापितृहीन किंवा टाकलेला मुलगा स्वतःस अर्पण करितो तो स्वयंदत्त. ऐतरेय ब्राह्मणांतील शुनःशेप विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला ती कथा सर्वांस ठाऊक आहे. पण कलियुगांत औरस व दत्तक यांखेरीज इतर पुत्र वर्ज्य मानले आहेत, आणि वर्ज्य नसते तरी स्वयंदत्ताचा सारा आधार मुलाची स्वतःची इच्छा हा आहे. चिमाजीनें तर नकार दिला होता. म्हणजे जी एक वाट शास्त्रानें पोरक्या मुलासाठीं ठेविली होती, तिच्या तोंडाशीं त्या मुलाचा नकारच आडवा पडला होता.

दोष येथेंच संपत नाहींत. नंदपंडिताच्या दत्तकमीमांसेंत पुत्राची छाया ज्यावर येऊं शकत नाहीं त्यास दत्तक घेऊं नये असें सांगून भाऊ, चुलता, मामा वगैरे नांवानिशीं वगळले आहेत. चिमाजी सवाई माधवरावाचा चुलताच. चुलत चुलता म्हणून सूट घेतां येईल काय, यावर शास्त्री लोक दोन दिवस वाद घालूं शकतील. पण ज्या माणसास जिवंतपणीं काका म्हणावयाचें त्यासच मेल्यावर पुत्र म्हणावयाचें, ही गोष्ट कोणाही गृहस्थाच्या मनास पटणारी नाहीं. नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख आमच्या प्रांतीं विशेष प्रमाण मानला जातो. त्यानें विधवेस पतीच्या आज्ञेवांचूनही दत्तक घेतां येतो असें म्हटलें आहे खरें. पण त्यासही पित्याची, तो नसल्यास ज्ञातींची संमति लागते. यशोदाबाईच्या सासरकडील सर्वांत जवळचा ज्ञाति कोण? पुन्हां बाजीरावच, आणि तो अटकेंत! जो संमति देणार त्यासच बांधून ठेवून विधि उरकला, हें पाहिलें म्हणजे पुण्यास त्या दिवशीं विद्वत्तेचा दुष्काळ होता असें म्हणवत नाहीं. दुष्काळ दुसऱ्याच कशाचा तरी होता.

उलट बाजूचें म्हणणेंही येथें नमूद केलें पाहिजे. परशुरामभाऊ हा लोभी किंवा नीच पुरुष नव्हता. पटवर्धनांच्या दप्तरांतून खरेशास्त्र्यांनीं जे ऐतिहासिक लेखसंग्रहाचे भाग छापले ते वाचणाऱ्यास त्याची कर्तबगारी व राज्याविषयींची कळकळ वारंवार दिसते. रघुनाथरावाच्या वंशाविषयीं जुन्या कारभाऱ्यांच्या मनांत भय होतें तेंही निराधार नव्हतें. या घराण्यांतच त्याला एक दाखला होता. १७७२ च्या नोव्हेंबरांत थोरला माधवराव थेऊर येथें मरणोन्मुख असतां त्यानें आपला धाकटा भाऊ नारायणराव यास रघुनाथरावाच्या हातीं सोंपविलें. भावानें भावाचें पालन चुलत्याकडे विश्वासानें दिलें, याहून उघड उदाहरण पेशव्यांच्या इतिहासांत दुसरें नाहीं. पुढल्याच वर्षीं ३० ऑगस्टला त्याचें काय झालें तें सांगावयास नको. अशा रघुनाथरावाच्या मुलाच्या हातीं राज्य नको, असें १७९६ त कोणास वाटलें तर त्यास दोष कसा द्यावा? पण बापाच्या पापाची शिक्षा थोरल्या मुलास द्यावयाची आणि त्याच बापाचा धाकटा मुलगा मात्र चालतो म्हणावयाचें, यांत न्याय नाहीं. चिमाजी चालत होता याचें कारण एकच, कीं तो बारा वर्षांचा होता.

पुढें डाव उलटला. बाजीरावाची उत्तरेकडे रवानगी झाली होती; त्यानें पहाऱ्यावरील सखाराम घाटग्यास वश करून वाटेंतील मुक्काम लांबविला. नानानें महाडास बसून निजाम, होळकर, भोसले यांस वळविलें, आणि शेवटीं शिंद्यांसही. ऑक्टोबरच्या अखेरीस बाळोबा तात्या कैद झाला. परशुरामभाऊ चिमाजीस बरोबर घेऊन जुन्नरच्या बाजूस पळाला, तो पाठलाग होऊन पकडला गेला. दोन वर्षांपूर्वीं ज्या किल्ल्यावर कैदी म्हणून नेलें त्याच दिशेस हा मुलगा आतां पेशवा म्हणून पळविला जात होता. डिसेंबरांत बाजीरावास वस्त्रें मिळालीं व धाकटा भाऊ थोरल्याच्या स्वाधीन झाला.

यानंतर दत्तविधान शास्त्रविरुद्ध ठरवून रद्द करण्यांत आलें, तें करविणाऱ्या शास्त्र्यांस घालवून देण्यांत आलें, आणि चिमाजीनें आपल्या दत्तकास विरोध केला असतांही त्यास प्रायश्चित्त घ्यावें लागलें, असें डफ म्हणतो. या शेवटल्या गोष्टीनें वाचकाचें मन विषण्ण होतें. दानाचा अधिकारी नाहीं, स्वीकाराची संमति नाहीं, मुलाची इच्छा नाहीं, तेव्हां हें दत्तक मुळांतच झालें नव्हतें. जें झालेंच नाहीं त्याचें प्रायश्चित्त कशाचें? विरुद्धसंबंधाचा दोष धरला तरच प्रायश्चित्ताला जागा राहते, आणि त्या दोषाचा भार ज्यानें कर्म केलें त्यावर पडावा, ज्यावर कर्म केलें गेलें त्यावर नव्हे. निर्णय बरोबर लागला, पण निर्णय देणाऱ्यांची दृष्टि मुलाकडे नव्हती. पहिल्या शास्त्र्यांची जशी नव्या सत्तेकडे होती तशी दुसऱ्यांचीही होती, सत्ता तेवढी बदलली होती.

इंग्रजी अंमलांत हाच प्रश्न निराळ्या रूपानें पुढें आला. मुंबई इलाख्यांत १८२७ च्या रेग्युलेशनांनीं कायदा नसेल तेथें देशाचा रिवाज व नंतर प्रतिवादीचें शास्त्र, असा क्रम लावून दिला. १८६४ चा अज्ञानांविषयींचा कायदा व पुढें १८९० चा पालक व पाल्य यांचा कायदा यांनीं हें काम दिवाणी न्यायालयाकडे आणलें. १८९० च्या कायद्याप्रमाणें कोणाही नातलगास किंवा स्नेह्यास पालक नेमणुकीचा अर्ज करितां येतो. तो मूल जेथें सामान्यतः राहतें तेथील जिल्हा न्यायालयांत करावा लागतो. न्यायाधीशानें मुलाचें वय, लिंग व धर्म, अर्जदाराची वर्तणूक व ऐपत, नात्याची जवळीक आणि मृत आईबापांची इच्छा पहावी. मूल समजण्याजोगें असेल तर त्याची पसंतीही लक्षांत घ्यावी. सर्वांवर मुलाचें हित. शास्त्रांतला थोरला भाऊ येथें बराच खालीं उतरला आहे. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्यांतही तो नैसर्गिक पालकांत नाहीं. चुलत्याच्या किंवा मामाच्या घरीं असलेला धाकटा भाऊ त्यास हवा असेल तर केवळ थोरलेपण दाखवून भागत नाहीं, आपल्या घरीं मुलाचें बरें होईल हें सिद्ध करावें लागतें. आम्हांस या बदलांत वाईट कांहीं दिसत नाहीं. उलट दानाच्या बाबतींत कायदा बराच काळ शास्त्राशीं चिकटून राहिला: आईबापांवांचून कोणास मूल देतां येत नव्हतें. आईबाप दोघेही वारले असतां न्यायालयाच्या पूर्वपरवानगीनें पालकास मूल दत्तक देण्याची मोकळीक १९५६ च्या दत्तकाविषयींच्या कायद्यानें आली. म्हणजे भावास देण्याचा अधिकार मिळण्यास चिमाजीच्या दत्तविधानानंतर एकशें साठ वर्षें लागलीं, आणि तोही न्यायाधीशाच्या संमतीनें, मुलाच्या हिताचा व इच्छेचा विचार होऊन. बाजीरावाचा अर्ज आज असता तर तो पुण्याच्या न्यायालयांत, प्रतिवादी परशुरामभाऊ, असा पडला असता. आणि चिमाजीस कोणाकडे रहावयाचें तें विचारलें गेलें असतें. बारा वर्षांच्या मुलाचें उत्तर काय आलें असतें याविषयीं आम्हांस तरी संशय नाहीं.

चिमाजीच्या पुढील आयुष्यावर अद्याप कोणी सविस्तर लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. त्यास गुजराथच्या सुभ्याचा नामधारी अधिकार मिळाला व त्याच्या वतीनें आबा शेलूकर तेथें काम पाहूं लागला. भावाविरुद्ध बंड करण्याची संधि त्यास एकाहून अधिक वेळां होती. एकदां पेशवा झालेल्या माणसाचें नांव पुढें करणें कोणासही सोपें होतें. १८०२ त होळकरानें पुणें घेतलें तेव्हां गादीसाठीं अमृतरावाच्या मुलाचें नांव निघालें, चिमाजीचें नव्हे. १८१८ त राज्य बुडालें. बाजीराव जूनमध्यें माल्कमच्या स्वाधीन होऊन ब्रह्मावर्तास गेला आणि चिमाजी काशीस. शास्त्र्यांस व कारभाऱ्यांस जें साधलें नाहीं तें कंपनी सरकारच्या एका हुकुमानें झालें: दोघे भाऊ कायमचे वेगळे राहिले. झांशीच्या लक्ष्मीबाईचे वडील मोरोपंत तांबे हे काशीस चिमाजीअप्पाच्याच पदरीं होते, आणि १८३० त तो वारल्यावर ते ब्रह्मावर्तास गेले.

पुणें, वाई व नाशिक येथील शास्त्री घराण्यांच्या रुमालांत १७९६ च्या निर्णयाची नक्कल, प्रायश्चित्ताच्या दक्षिणेची यादी, किंवा घालवून दिलेल्या शास्त्र्यांचीं अर्जदास्तें असण्याचा पुष्कळ संभव आहे. अशा कागदांवर बहुधा नुसतें ‘प्रायश्चित्त याद’ एवढेंच लिहिलेलें असतें आणि संग्राहक तो धार्मिक खर्चाचा कागद समजून बाजूस टाकतात. शके १७१८ चा असा कागद कोणाच्या हातीं आला तर त्यांत कोणत्या दोषाबद्दल प्रायश्चित्त सांगितलें आहे तेवढी ओळ आधीं पहावी, आणि तो मंडळाकडे पाठवावा.